भिंतींना गिलावा करायला विसरले काय?

मागच्या अंकात मी कौलं परतण्याबद्दल लिहिलं होतं, तेव्हा या खेपेला पत्रं कौलांची आणि वाळवीची येतील असं धरून चालले होते. आली ती भलतीच. कानपूर काय, अहमदाबाद काय! पहिल्या पत्राने सगळी जागा खाल्ली आहे. वाळवीवाल्यांनी महिनाभर थांबावं, वाळवी कुठे पळून जात नाही.

प्रश्न : बाई, नमस्कार. माझा नातू गेल्या वर्षी कानपूरच्या आयआयटीत लागला. त्याला सोडायला मी आणि त्याची आजी गेलो होतो. एवढी नावाजलेली संस्था, पण इमारती बघितल्या तर काँक्रीटचा सांगाडा आणि मध्ये नुसत्या विटा. ना गिलावा, ना रंग. हिने तिथेच नातवाला विचारलं, "भितींका गिलावो करूक इसारले काय रे?" नातू म्हणाला, आजी, हे ज्यांनी आखलं ते कानविंदे आपल्याच आचऱ्याचे. हे खरं आहे का? आणि खरं असेल तर आपल्याकडच्या माणसाने असं उघडंबोडकं का बांधावं?
— निवृत्त शिक्षक, आचरा

उत्तर : गुरुजी, नातू खरं बोलला. अच्युत पुरुषोत्तम कानविंदे १९१६ साली आचऱ्यात जन्मले. वडील चित्रकलेचे शिक्षक. मुलगा मुंबईला जे. जे.मध्ये गेला आणि १९४२ साली आर्किटेक्ट होऊन बाहेर पडला. तेव्हा तिथल्या वास्तुकला विभागावर क्लॉड बॅटली या इंग्रज प्राध्यापकांची छाप होती. देशी घरं नीट बघा, मोजा, काढा, असं सांगणारा तो माणूस. पुढे देशात प्रयोगशाळा उभ्या करायच्या म्हणून सरकारने काही तरुण परदेशी पाठवले, त्यात कानविंदे १९४५ साली हार्वर्डला गेले. तिथे शिकवायला होते वॉल्टर ग्रोपियस, जर्मनीत बाउहाउस शाळा काढणारे. १९४७ साली कानविंदे परत आले आणि सीएसआयआर या सरकारी संशोधन परिषदेच्या प्रयोगशाळांच्या कामाला लागले. अहमदाबादला कापडगिरण्यांच्या संशोधन संस्थेची, म्हणजे अटिराची इमारत त्यांनी त्याच काळात केली. १९५५ मध्ये शौकत राय यांच्याबरोबर दिल्लीत स्वतःची फर्म काढली आणि काही वर्षांत कानपूरचं काम हाती आलं.

आयआयटी सुरू झाली १९५९ च्या डिसेंबरात, तीही उसन्या जागेत. शहरातल्या हारकोर्ट बटलर इन्स्टिट्यूटने थोडी जागा दिली होती. पहिले संचालक पुरुषोत्तम काशिनाथ केळकर. त्याआधी ते मुंबईच्या आयआयटीच्या जुळवाजुळवीत होते. अमेरिकेतल्या नऊ विद्यापीठांनी मिळून दहा वर्षं मदत केली, आणि १९६३ मध्ये तिथे आयबीएम १६२० हा संगणक आला. हे सगळं नातवाला पाठच असेल. संस्थेचं वाचनालय आज केळकरांच्याच नावाने आहे. तेव्हा तुमच्या नातवाला अभ्यासाला बसवणाऱ्या जागेवर नाव एका मराठी माणसाचं आणि आखणी दुसऱ्या मराठी माणसाची.

आता गिलावा. गुरुजी, तुमच्या घराच्या गडग्याला गिलावा आहे का? नसणार. खाणीतून काढलेला जांभ्याचा चिरा वारं-ऊन खाऊन कडक होतो आणि तसाच उघडा राहतो. शेवाळलं तरी आपण त्याला गरिबी म्हणत नाही. कानपूर गंगेच्या गाळावर बसलंय. तिथे दगड नाही, माती आहे, म्हणून वीटभट्ट्या आहेत. वजन पेलायला काँक्रीटचे खांब आणि तुळया, आणि मधली मोकळी जागा बुजवायला तिथली वीट. कोण वजन घेतंय आणि कोण नुसतं आडोशाला उभं आहे हे बाहेरूनच कळावं, ही त्या पिढीची शिकवण. गिलावा केला असता तर दोघांचं तोंड एकच झालं असतं. शिवाय गिलावा केला की रंग आला, रंग आला की दर काही वर्षांनी परात, बांबू आणि बिल. सरकारी पैशाने चालणाऱ्या संस्थेला ते परवडायचं नाही, असं मी माझ्या नोकरीच्या अनुभवावरून म्हणते.

आजींना मात्र दुसरी एक गोष्ट सांगा. १९८३ च्या मे महिन्यात मी तिथे सहा आठवडे राहिले. पॉलिटेक्निकच्या शिक्षकांसाठी उन्हाळी वर्ग होता. सव्वीस वर्षांची मी, पहिल्यांदाच एकटी एवढ्या लांब. मालवणातून गेलेल्या मुलीला उकाडा माहीत होता, लू माहीत नव्हती. दुपारी दोन वाजता वसतिगृहातून निघाले की भट्टीचं दार उघडल्यासारखं व्हायचं. डोक्यावर ओला पंचा घेऊन मी धावतच सुटायचे. ही धाव मात्र अर्ध्या वाटेवर संपायची. वर्गांच्या भागात एकदा शिरलं की ऊन डोक्यावर येतच नाही. वाचनालय, वर्ग, प्रयोगशाळा, मास्तरांच्या खोल्या, सगळं झाकल्या वाटांनी जोडलेलं. आणि वाट एकावर एक, दुमजली. वरच्या वाटेने माणसं चालतात, तीच खालच्या वाटेला छप्पर. मजल्यावर चढायला जिन्यांच्या जोडीला उतार. मोटारी बाहेरच्या कडेला थांबतात, आतला सगळा भाग पायी चालणाऱ्यांचा. दोन इमारतींच्या मधून वारा येतो, तिथे कठड्याला टेकून माणसं उभी राहतात आणि बोलतात. वर्गात न कळलेलं गणित मला एका सरदारजी प्राध्यापकांनी तिथेच, कठड्यावर खडूने लिहून समजावलं होतं. इतक्या वर्षांनी मला तिथल्या एकाही वर्गाचं दार डोळ्यापुढे आणता येत नाही, पण तो कठडा येतो.

पडवीच ती! ओटीवर यायला ज्याला संकोच वाटतो तो पडवीत बसतो, ज्याला जायची घाई आहे तो पडवीतून बोलून जातो, आणि पाऊस आला की सगळेच तिथे. ग्रोपियसकडून शिकून आलेल्या माणसाने आचऱ्याची पडवी कानपूरला नेली, असा दावा मी करणार नाही; तो गावाचा फुकटचा अभिमान झाला. मला तिथे पडवी आठवली, एवढं मात्र खरं.

आणि तुमच्या गावाबद्दल एक मनात येतं ते सांगूनच टाकते. दर काही वर्षांनी ग्रामदैवत रामेश्वराचा कौल, म्हणजे देवाची संमती, घेऊन आख्खं आचरं गावपळणीला निघतं. तीन दिवस, तीन रात्री घरं बंद, माणसं वेशीबाहेर झावळ्यांच्या झोपड्यांत, गुरंकोंबड्या बरोबर. ज्या गावाला नुसत्या चार काठ्या आणि सावली यांवर संसार मांडता येतो, त्या गावात जन्मलेल्या माणसाला सांगाडा उघडा ठेवायची लाज का वाटावी?

प्रश्न : मॅडम, मी आर्किटेक्चरच्या तिसऱ्या वर्षाला आहे. आमच्या कॉलेजची इमारत दिसायला एकदम मॉडर्न आहे. सपाट छत, उघडं काँक्रीट, मोठ्या काचा. पण जून ते सप्टेंबर कॉरिडॉरमध्ये बादल्या ठेवाव्या लागतात आणि तुळईचे पोपडे पडतात. मॉडर्न आर्किटेक्चर कोकणात चालतच नाही असं म्हणायचं का?
— विद्यार्थी, रत्नागिरी

उत्तर : तुझ्या कॉलेजवर बोलण्याआधी माझ्या घरावर बोलते, म्हणजे मला अधिकार येईल.

१९९६ साली मी मालवणात घर बांधलं. डोक्यात कानपूर. सपाट स्लॅब, खिडकीवरची तुळई उघड्या काँक्रीटची, आणि पश्चिमेच्या खिडकीला छज्जा नाही, कारण मला ती रेघ स्वच्छ हवी होती. गवंडी दोनदा म्हणाला, "बाई, छज्जो तरी घेवा." मी त्याला ग्रोपियस समजावला. पहिल्या पावसाळ्यात भिंत ओली, दुसऱ्यात कपाटातल्या साड्यांना बुरशी. आठव्या वर्षी तुळईच्या खालच्या अंगाला सळईच्या सरळ रेषेत चीर गेली आणि मग पोपडा खाली आला. आज माझ्या स्लॅबवर पत्र्याची शेड आहे. कोकणातल्या निम्म्या स्लॅबांनी घातली आहे तीच टोपी. सिव्हिलची मास्तरीण होते मी! गवंड्याने त्यानंतर कधी त्या गोष्टीचा उल्लेख केला नाही, हा त्याचा मोठेपणा.

चुकलं काय? कानपूरला वर्षाला जेवढा पाऊस पडतो त्याच्या तिप्पट-चौपट आपल्याकडे चार महिन्यांत पडतो, ३००० मिलिमीटरच्या पुढे. आणि तो वरून पडत नाही, आडवा येतो. सपाट गच्ची तिकडे कामाची असते, उन्हाळ्यात लोक रात्री तिच्यावर झोपतात. आपल्याकडे गच्ची म्हणजे चार महिने तळं. मी विचार सोडला आणि चित्र उचललं. कानविंद्यांनी ऊन बघून आखणी केली होती, मी त्यांची आखणी बघून घर बांधलं.

दुसरं कारण खाऱ्या हवेचं, आणि ते तुला परीक्षेतही लागेल. काँक्रीटमधली सळई गंजत नाही, कारण सिमेंटमुळे तिच्याभोवती अल्कधर्मी वातावरण असतं. समुद्राच्या हवेतलं मीठ हळूहळू आत झिरपतं आणि सळईवरचं हे संरक्षण मोडतं. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा मागतो. काँक्रीटला ताणलेलं सोसत नाही, ते फुटतं. तुझा पोपडा म्हणजे आतून ढकललेलं काँक्रीट. म्हणून सळईवर काँक्रीटचं आवरण किती हे समुद्रकाठी जन्ममरणाचं. आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकाच्या २००० सालच्या आवृत्तीत साध्या हवेला २० मिलिमीटर कव्हर चालतं, किनाऱ्याच्या हवेला ४५ लागतं आणि लाटांचे तुषार अंगावर येत असतील तर ५०. काँक्रीटची मजबुतीची प्रतही अनुक्रमे एम ३०, एम ३५ च्या खाली नको. आपल्या साइटवर सळई साच्यापासून उचलून धरायला कव्हर ब्लॉक म्हणून काय ठेवतात बघ जाऊन. खडी! हाताला लागेल ती खडी. त्यात खाडीची वाळू न धुता वापरली असेल तर मीठ आपणच आत भरून ठेवलं.

तेव्हा मॉडर्न कोकणात चालत नाही असं नाही. काँक्रीटला तिरकं छत करता येतं, त्याच्यावर कौलं बसवता येतात, छज्जा दोन फूट बाहेर काढता येतो. आणि छज्ज्याच्या खालच्या कडेला बोटाएवढी खाच ठेव, म्हणजे पाणी उलटं वळून भिंतीवर न येता तिथेच ठिबकेल. या खाचेला खर्च शून्य आहे आणि दहापैकी नऊ इमारतींना ती नसते. काचेचं काय करायचं ते मला विचारू नकोस, पश्चिमेला काच लावणाऱ्यांशी मी बोलत नाही.

कॉलेजमधल्या बादल्यांसाठी : गच्चीवर जाऊन आधी पन्हळीच्या तोंडाशी बसलेली पानं काढा. निम्म्या बादल्या तिथेच कमी होतील. पोपडे पडणाऱ्या तुळईखालून मात्र वर्ग हलवायला सांग, आणि ते लेखी सांग.

प्रश्न : अहमदाबादच्या आयआयएममधली लुई कान यांची वसतिगृहं पाडणार, नाही पाडणार, असं अधूनमधून वाचायला मिळतं. साठ वर्षांत इमारत मोडकळीला येत असेल तर तो आर्किटेक्ट कसला थोर? आमचा विजयदुर्ग शेकडो वर्षं लाटा खात उभा आहे.
— आंबा बागायतदार, देवगड

उत्तर : बागायतदार, विजयदुर्गाच्या तटात सळई नाही, हे त्याच्या दीर्घायुष्याचं एक गुपित. दगडावर दगड, सगळं वजन खाली दाबणारं, गंजायला काही नाहीच. शिवाय त्या तटाला ना खिडकी लावायची होती, ना नळ, ना पंखा.

अहमदाबादची कथा अशी. पुण्यात जन्मलेले आर्किटेक्ट बाळकृष्ण दोशी यांनी १९६२ साली पुढाकार घेऊन अमेरिकेतल्या लुई कान यांना या कामावर आणलं. कान यांनी विटेला वीट म्हणूनच राबवलं : जाड भिंती, मोठाल्या कमानी, कमानीच्या पायाशी ताण धरायला काँक्रीटचा आडवा पट्टा, भिंतीत कापलेली गोल भोकं, त्यांच्यामागे सावलीतली खोली. १९७४ च्या मार्चमध्ये अहमदाबादहून परतताना न्यूयॉर्कच्या रेल्वे स्टेशनवर ते हृदयविकाराने गेले. उरलेलं काम पुढे अनंत राजे यांनी वर्षानुवर्षं केलं. राजे आधी फिलाडेल्फियात कान यांच्या हाताखाली राबलेले. लोक कान यांचं नाव घेतात आणि राजेंचं विसरतात, याचा मला राग आहे.

भिंतींचं दुखणं दोन-तीन पदरी. वीट पुरेशी चांगल्या प्रतीची नव्हती, ओल धरायची. भूकंपाच्या विचाराने विटांच्या बांधकामात सळया घातल्या होत्या, त्या ओलीने गंजल्या आणि विटा फोडू लागल्या. वर २००१ चा भूकंप झाला. म्हणजे पुन्हा तीच सळई, तुमच्या-माझ्या स्लॅबची. २०२० च्या डिसेंबरात संस्थेने अठरापैकी चौदा वसतिगृहं पाडून नवी बांधायचा विचार जाहीर केला. जगभरातून ओरड झाली आणि १ जानेवारी २०२१ ला तो मागे घेतला. नोव्हेंबर २०२२ मध्ये पुन्हा जाहीर झालं की या इमारतींची दुरुस्ती पुढे करणार नाही. गंमत अशी की त्याच आवारातल्या वाचनालयाची दुरुस्ती मुंबईच्या सोमाया आणि कलप्पा या फर्मने केली आणि २०१९ साली तिला युनेस्कोचा पुरस्कार मिळाला.

माझं मत विचाराल तर, डोक्यावर वीट पडेल अशा खोलीत मूल झोपवू नये. तिथे वारसा वगैरे काही नाही. पण दुरुस्त होतं हे एकदा करून दाखवल्यावर "होत नाही" म्हणायला जास्त पुरावा लागतो. तुमचं जुनं कलम खोडकिड्याने पोखरलं तर तुम्ही आधी तार घालून कीड काढता, औषध भरता, एखादा हंगाम वाट बघता. कुऱ्हाड त्यानंतर.

आणि थोर कोण ते पन्नास वर्षांत पन्हळी कोणी साफ केल्या यावरही ठरतं.

प्रश्न : 'ब्रूटलिझम' म्हणजे क्रूर वास्तुकला का?
— एक वाचक, चिपळूण

उत्तर : नाही. फ्रेंचमध्ये उघड्या, कच्च्या काँक्रीटला 'बेताँ ब्रूत' म्हणतात, चंदीगड आखणारे आर्किटेक्ट ल कॉर्बुझिये यांच्या तोंडी असलेला शब्द. त्यावरून हे नाव रूढ झालं. फळ्यांच्या साच्यात काँक्रीट ओतायचं आणि साचा काढल्यावर फळीचे रेषे, गाठी तशाच ठेवायच्या. बघायचं असेल तर चंदीगड. तिथल्या पंजाब विद्यापीठाचा परिसर कॉर्बुझियेंचे चुलतभाऊ पिएर जानरे यांनी केला आणि त्यातलं गांधी भवन पाण्यात ठेवलेल्या फुलासारखं दिसतं. क्रूर म्हणावं असं त्यात मला तरी काही दिसलं नाही. आपल्याकडचे काही एसटी स्टँड क्रूर आहेत, पण ते वेगळ्या कारणांनी.

प्रश्न : ताई, मुलगी दहावीला आहे. तिला आर्किटेक्ट व्हायचंय. मेच्या सुट्टीत तिला कानपूर-अहमदाबाद दाखवायची आमची ऐपत नाही. जवळपास काय दाखवू?
— एक आई, वेंगुर्ला

उत्तर : मुंबईला नातेवाईक असतील तर वरळीचं नेहरू विज्ञान केंद्र दाखवा. तीही कानविंद्यांचीच इमारत, १९८५ मध्ये लोकांना खुली झाली. मुलं आतले प्रयोग बघायला धावतात, तुम्ही तिला आधी बाहेरून एक फेरी मारायला लावा. पुण्याला जाणं झालं तर कोंढव्यातली बँक व्यवस्थापनाची राष्ट्रीय संस्थाही त्यांचीच.

ते नाही जमलं तर घरीच बसवा. एक मोजपट्टी, एक वही. पडवीची रुंदी, वाशांमधलं अंतर, कौलांचा उतार, जोत्याची उंची, खळ्यातून माजघरात येईपर्यंत उजेड कुठे कुठे कमी होतो, सगळं मोजून काढायला सांगा. आजीला विचारून प्रत्येक कोनाड्याचं काम लिहायला सांगा. बॅटली जे. जे.मध्ये मुलांकडून हेच करून घ्यायचे. आणि जून लागला की पागोळ्या जोत्यापासून किती लांब पडतात त्याची रेघ तिला खळ्यात आखू दे, पाऊस सरळ असतानाची वेगळी आणि वारा असतानाची वेगळी. खडू टिकणार नाही. जांभ्याचा एक तुकडा द्या हातात.